छपरावरची गाडी आणि रस्त्यावरचें गलबत

सुमारें शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील एखाद्या खेड्यांतला शेतकरी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस पहांटे उठून बाहेर येई, तों त्याची चार चाकांची गाडी अंगणांतून नाहींशी झालेली असे. इकडे तिकडे शोध केल्यावर ती सांपडे, पण कोठें? धान्याच्या कोठाराच्या छपरावर, अगदीं आढ्याशीं! गांवांतील पोरांनीं रात्रीं गुपचूप येऊन तिचीं चाकें, आंस, फळ्या आणि धुरा एकेक सुटीं केलेलीं असत, दोरानें वर ओढलेलीं असत, आणि वर नेऊन पुन्हां जशीच्या तशी गाडी जोडून ठेवलेली असे. शेतकऱ्यास संताप येणें साहजिक होतें. परंतु त्याबरोबरच एक प्रश्नही त्याच्या मनांत येण्यासारखा होता. दिवसा ज्या पोरांस कुंपणाचा एक खांब रोवण्याचा कंटाळा येतो, त्यांनीं अंधारांत, यत्किंचित् आवाज न करतां, हें एवढें अवजड काम केलें तरी कसें?

हॅलोवीन नांवाच्या सणांत आज अमेरिकेंतील मित्रमंडळी भुताखेतांचे भव्य चित्ररथ तयार करतात. त्या प्रथेचें मर्म या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे.

हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती धर्मांत सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या आदली संध्याकाळ, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. तथापि या रात्रीचें माहात्म्य त्याहूनही जुनें मानतात. आयर्लंड व स्कॉटलंड या देशांतील प्राचीन केल्टिक लोकांचा सुगीचा काळ या सुमारास संपे, गुरें कुरणांतून घरीं येत आणि हिंवाळा सुरू होई. ऋतूंच्या या सांध्यावर जिवंत माणसें आणि मृतात्मे यांमधील पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. आयरिश लोक सलगमाचे कंद कोरून त्यांत दिवा लावीत. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळांत लाखों आयरिश माणसें अमेरिकेस गेलीं, तेव्हां ही चालही त्यांच्याबरोबर गेली. तेथें सलगमापेक्षां मोठा आणि कोरावयास सोपा असा तांबडा भोपळा त्यांस मिळाला, आणि तोच पुढें या सणाचें चिन्ह होऊन बसला.

भुतांच्या नांवावर वाटेल ती खोडी खपवितां येते, हें मुलांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. अंगणाचीं फाटकें उचलून नेणें, दुकानांच्या कांचांस साबण फांसणें, परसांतील संडास आडवे करणें, हे प्रकार सर्रास होऊं लागले. खेड्यांत हें कसेंबसें चालून जाई. कारण कोणाचें पोर कोण हें सर्वांस ठाऊक असे, आणि दुसऱ्या दिवशीं गाडी खालीं उतरविण्याचें काम त्याच पोरांच्या गळ्यांत पडे. परंतु शहरें वाढलीं, शेजारी शेजाऱ्यास ओळखीनासा झाला, आणि खोडीचें रूपांतर नासधुशींत होऊं लागलें.

मिनेसोटा राज्यांत, मिसिसिपी नदीच्या कांठीं, अनोका नांवाचें गांव आहे. तेथें एकदां हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशीं लोक उठून पाहतात, तों मुख्य रस्त्यावर गाई मोकाट हिंडत आहेत आणि दुकानांच्या कांचा साबणानें माखल्या आहेत. असल्या प्रसंगीं दंड आणि छडी यांचीच आठवण प्रथम होते. अनोकाच्या नागरिकांनीं मात्र निराळा विचार केला. १९२० सालीं त्यांनीं त्या रात्रीं गांवाचीच मिरवणूक काढली, शेकोटी पेटविली, आणि मुलांस मक्याच्या लाह्या, शेंगदाणे व मिठाई वांटली. ज्या रात्रीं मुलें चोरून बाहेर पडत, त्याच रात्रीं त्यांस सन्मानानें बाहेर बोलाविलें. दुसऱ्या महायुद्धामुळें १९४२ व १९४३ सालीं या मिरवणुकीस खंड पडला. परंतु शंभर वर्षें उलटून गेलीं तरी ती प्रथा त्या गांवानें जतन केली आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत अनेक शहरांत हॅलोवीनचा उपद्रव मोडतोडीपर्यंत गेला, तेव्हां तेथील लोकांनींही मिरवणुकी व मेळावे यांचाच आश्रय केला.

मिरवणूक म्हटली कीं चित्ररथ आलाच. पुढें मोटारी घरोघर झाल्या आणि या कलेस नवें साधन मिळालें. १९६४ सालीं अमेरिकन टेलिव्हिजनवर मन्स्टर नांवाच्या एका विनोदी भुताळी कुटुंबाची मालिका सुरू झाली. तिच्यासाठीं जॉर्ज बॅरिस यांच्या कारखान्यांत फोर्डच्या जुन्या मॉडेल-टी मोटारींचे सांगाडे एकत्र जोडून १८ फूट लांबीची एक अजब गाडी बनविण्यांत आली. ती पाहून कित्येक हौशी लोकांचे हात शिवशिवूं लागले असल्यास नवल नाहीं. १९९० नंतरच्या काळांत आणखी एक साधी प्रथा रूढ झाली. शाळेच्या किंवा चर्चच्या पटांगणांत मोटारी ओळीनें उभ्या करावयाच्या, प्रत्येकीची मागची डिकी गुहा, जहाज किंवा कोळ्याचें जाळें अशा रूपानें सजवावयाची, आणि मुलांनीं एकीपासून दुसरीकडे जात खाऊ गोळा करावयाचा.

आतां असा चित्ररथ प्रत्यक्ष कसा उभा राहतो, तें पाहूं. समजा, पांचसहा मित्रांनीं भुतांचें गलबत करावयाचें ठरविलें. पहिला नियम असा कीं, कल्पना एकच असावी. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या माणसासमोरून रथ अर्ध्या मिनिटांत निघून जातो. तेवढ्या वेळांत त्यास तो समजला पाहिजे. गलबतावर चेटकिणी, राक्षस आणि वटवाघळें यांची एकच गर्दी केली, तर पाहणारा गोंधळतो. म्हणून प्रथम कागदावर आकृति काढावी, नंतर एका फुटास एक इंच या प्रमाणांत पुठ्ठ्याचा नमुना करावा. निम्म्या चुका या पुठ्ठ्यांतच सांपडतात, आणि तेथें त्या दुरुस्त करण्यास पैसा पडत नाहीं.

दुसरी गोष्ट पायाची. बहुधा दोन चाकांचा सपाट ट्रेलर घेऊन तो मोटारीस जोडतात. अमेरिकेंतील हमरस्त्यांवर गाडीची रुंदी साधारणतः साडेआठ फुटांहून अधिक असूं नये असा नियम आहे, आणि पुष्कळ राज्यांत उंचीची मर्यादा साडेतेरा फूट आहे. म्हणून गलबताची डोलकाठी बिजागरीवर बसवितात; वाटेंत विजेची तार किंवा पूल आला म्हणजे ती आडवी करतां येते. ट्रेलरवरील एकंदर वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडला पाहिजे, हें विशेष ध्यानांत ठेवावें. वजन ३,००० पौंड असेल, तर जोडावर ३०० ते ४५० पौंड. सर्व अवजड सामान मागें रचलें, तर वेग घेतांच ट्रेलर शेंपटासारखा हेलकावे खातो आणि पुढील मोटारीसही ओढून नेतो.

या पायावर लाकडी सांगाडा उभा करतात. येथें शाळेंतील भूमितीचा उपयोग होतो. चार पट्ट्यांची चौकट दाबली तर ती कलते. त्रिकोण मात्र बाजू मोडल्याविना आकार बदलत नाहीं. म्हणून प्रत्येक चौकटीस एक तिरपी पट्टी ठोकून तिचे दोन त्रिकोण करतात. खिळ्यांपेक्षां स्क्रू बरे. धक्क्यांनीं ते लवकर ढिले होत नाहींत, आणि सण संपल्यावर उलटे फिरवून लाकूड पुन्हां वापरतां येतें. सांगाड्यावर कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशी तारेची जाळी ताणून हवा तसा आकार देतात, आणि तिच्यावर पिठाच्या खळींत भिजविलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीनचार थर चढवितात. एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊं नये, नाहीं तर आंत बुरशी धरते. ऑक्टोबरांत तेथें थंडी व ओल वाढते. म्हणून हें काम सप्टेंबरांतच हातीं घ्यावें लागतें. शेवटीं सर्वत्र काळा रंग देऊन त्यावर जवळ जवळ कोरड्या कुंचल्यानें करडा रंग ओढला, कीं कालचा कागद शंभर वर्षांच्या कुजक्या लाकडासारखा दिसूं लागतो.

सुकाणूवर उभा असलेला हाडांचा सांपळा मान हलवील, तरच खरी गंमत. त्यासाठीं भंगारांतल्या मोटारीचें एक यंत्र कामीं येतें. पावसांत समोरची कांच पुसणारी जी दांडी असते, ती फिरविणारी लहानशी विजेची मोटर बारा व्होल्टवर चालते. तिची गति मंद, पण जोर मोठा असतो. तिच्या चाकास एक दांडा जोडून त्याचें दुसरें टोंक सांपळ्याच्या मानेस बांधतात. पायानें चालविण्याच्या शिवणयंत्रांत पायांची वरखालीं होणारी हालचाल चाकास गोल फिरविते. येथें उलट चाकाचें फिरणें मानेच्या हालचालींत उतरतें. तत्त्व एकच.

दिव्यांची जागाही विचारपूर्वक ठरवावी. सूर्याचा प्रकाश वरून येतो, म्हणून माणसाचा चेहरा वरून उजळलेला पाहण्याची डोळ्यांस संवय असते. तोच प्रकाश खालून टाकला, कीं ओळखीचा चेहराही भयाण दिसतो. पूर्वीं साठ वॉटचे शंभर दिवे लावावयाचे म्हणजे ६,००० वॉट वीज लागे, आणि तेवढी निर्माण करणारें यंत्रच गाडीचा मोठा भाग व्यापी. आतां तितकाच प्रकाश देणारा एलईडी दिवा सुमारें नऊ वॉट घेतो. शंभर दिव्यांस ९०० वॉट पुरतात आणि लहानसा जनरेटर भागवितो. गलबताखालीं समुद्रावरचें धुकें हवें असल्यास धुक्याच्या यंत्रांतून निघणारी वाफ बर्फाच्या पेटींतून नेतात. थंड हवा जड असल्यामुळें तें धुकें वर न जातां जमिनीलगत पसरतें, आणि गलबत जणूं त्यावर तरंगत येतें.

परंतु या कामांत खरा कस लागतो तो देखाव्यापेक्षां दक्षतेचा. कागद, कापड, गवत आणि कोरडें लाकूड यांचा हा ढीग म्हणजे पेटण्यास टपलेली होळीच होय. आणि तिच्यावर लहान मुलें बसलेलीं असतात. म्हणून जळती मेणबत्ती किंवा मशाल रथावर मुळींच आणूं नये. कापड व कागद यांस टांकणखार आणि बोरिक ॲसिड यांच्या पाण्याचा हात दिल्यास ते सहजासहजीं पेट घेत नाहींत. तरीही आग विझविण्याचीं नळकांडीं दोन्ही टोंकांस हवींत. जनरेटर बंद खोळींत ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि माणूस कळण्यापूर्वींच बेशुद्ध होतो. मोटारीवर सजावट चढवितांना चालकाची समोरची नजर झांकूं नये. आणि सर्वांत मोठा धोका चाकांचा. खाऊ वेंचण्याच्या भरांत एखादें मूल केव्हां वांकून चाकापुढें येईल, याचा नेम नसतो. यासाठीं प्रत्येक चाकाशेजारीं एक जाणता माणूस पायीं चालत राहतो. त्याच्या अंगावर सोंग नसतें आणि त्याच्यासाठीं कोणी टाळ्याही वाजवीत नाहीं. पण त्या रात्रीं सर्व मुलें सुखरूप घरीं जातात तीं त्याच्यामुळें.

हें सर्व काम एकट्याचें नव्हे. एकास सुतारी येते, दुसऱ्यास विजेचें ज्ञान असतें, तिसऱ्याचा कुंचल्यावर हात बसलेला असतो, आणि चौथ्यास यांपैकीं कांहींच येत नसलें तरी तो हिशेब ठेवतो व सर्वांस वेळेवर चहा पाजतो. त्याच्यावांचून मंडळी पंधरा दिवसांत मोडते. मतभेद होतातच. डोलकाठी उंच असावी कीं ठेंगणी, यावरून दोन मित्र आठ दिवस अबोला धरूं शकतात. परंतु ३१ ऑक्टोबर कोणासाठीं थांबत नाहीं, आणि खळ वाळण्यापूर्वीं जाळीवर दुसरा हात लागलाच पाहिजे; या गरजेपुढें अबोला टिकत नाहीं. मित्रांनीं एकत्र बसून गप्पा मारल्यानें स्नेह वाढतो हें खरें. पण एकत्र राबल्यानें तो पारखला जातो.

महाराष्ट्रांतील घरांस यांत अगदींच परकें असें कांहीं नाहीं. होळीसाठीं रात्रीं लांकडें व गोंवऱ्या लांबविणारीं पोरें आणि छपरावर गाडी चढविणारीं पोरें हीं एकाच शाळेचीं विद्यार्थी होत. गोव्यांत तर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं वाड्यावाड्यांतील तरुण मंडळी गवत, कागद व कापड यांचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे करतात, त्यांची मिरवणूक काढतात आणि पहांटे त्यांचें दहन करतात. २०२४ सालीं नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. त्या दिवशीं पहांटे गोव्यांत नरकासुर जळाले, आणि त्याच दिवशीं सायंकाळीं अमेरिकेंत भुतांच्या मिरवणुकी निघाल्या. अमेरिकेंत वसलेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या दाराशीं त्या आठवड्यांत आकाशकंदील आणि कोरलेला भोपळा हे शेजारीं शेजारीं दिसले असतील.

भुतें खरीं कीं खोटीं, हा वाद येथें करण्याचें कारण नाहीं. पोरांच्या अंगांतील उत्साह मात्र अगदीं खरा आहे. तोच छपरावर गाडी चढवितो आणि तोच रस्त्यावर गलबत तरंगवितो. जोर तोच, हात तेच, रात्रही तीच. त्या उत्साहावर केवळ बंदी घातली, तर तो अंधारांत वाट शोधतो; त्यास लाकूड, जाळी, मुदत आणि वडीलधाऱ्यांचा थोडा विश्वास दिला, तर तो उजेडांत येतो. १ नोव्हेंबरच्या सकाळीं हे मित्र पुन्हां जमतात, स्क्रू उलटे फिरवून गलबत सुटें करतात, लाकूड मोजून ठेवतात, आणि ट्रेलर धुवून ज्याचा त्यास परत देतात. शेतकऱ्याची गाडी त्या सकाळीं अंगणांतच उभी असते.