नातीचा अंगठा आणि दात



गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तीन महिने मुलाकडे प्लेनो येथे राहून आलो. प्लेनो हे टेक्सास राज्यातले, डॅलसच्या उत्तरेस असलेले शहर. वस्ती पावणेतीन लाखांच्या वर. टोयोटा कंपनीने आपले अमेरिकेतले मुख्य कार्यालय २०१७ साली तिथे आणले. आपल्याकडची माणसे तिथे इतकी की मालिद्यासाठी पातळ पोहे घ्यायला घरापासून दहा मिनिटेही जावे लागले नाही. पण आज प्लेनोबद्दल लिहायचे नाही. लिहायचे आहे ते तिथल्या आमच्या नातीच्या उजव्या अंगठ्याबद्दल, कारण त्यावरून घरात मोठे रामायण झाले आणि त्यात चूक आमची होती.

नात पावणेसहा वर्षांची. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पण टीव्हीसमोर बसली, मोटारीत बसली किंवा डोळ्यांवर झोप आली की अंगठा तोंडात आणि दुसऱ्या हाताने कान चोळणे सुरू. रात्रभर अंगठा तसाच. अंगठ्याची कातडी पांढरी, जाड झालेली, नखाजवळ एकदा नखुरडे होऊन गेलेले. दात मिटले तरी वरच्या-खालच्या पुढच्या दातांत फट राहायची. सफरचंदाचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नसे, बाजूच्या दातांनी कुरतडायची. आम्हाला ती 'सव्ता' न म्हणता जीभ दातांतून बाहेर काढून 'थव्ता' म्हणे. आम्हाला त्याचे कौतुकच वाटे. फोनवर पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होतो!

सूनबाईने विषय काढला तेव्हा आम्ही म्हणालो, त्यात काय, आपल्याकडे यावर उपाय आहेत. कडुनिंबाचा पाला, कोरफडीचा गर, नाहीतर मिरची. सून नको म्हणाली. एका रात्री ती दोघे बाहेर गेली असताना आम्ही मिरचीचे बोट लावलेच. पोरीने झोपेत तोच हात डोळ्यांना लावला. पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. डोळे धुऊन धुऊन अर्धा तास गेला. पोर रडत झोपली ती शेवटी अंगठा तोंडात घेऊनच, कारण घाबरल्यावर तिला तेवढाच आधार ठाऊक. सून दोन दिवस आमच्याशी मोजके बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, बाबा, बुधवारी तिला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. तुम्ही दोघंही चला."

गेलो. मुलांच्याच दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी नातीला आरसा दाखवला, आम्हाला प्लास्टरचा जबडा. त्या दिवशी जे ऐकले आणि घरी आल्यावर मुलाने आणखी जे वाचून दाखवले, ते इथे आपल्या भाषेत सांगतो.

चोखणे ही वाईट सवय म्हणून जन्माला येत नाही. मूल पोटात असतानाच अंगठा चोखते. सोनोग्राफीत ते दिसते. उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्ट येथील प्राध्यापक पीटर हेपर यांनी असे गर्भ पाहून ठेवले आणि तीच मुले दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुले उजखोरी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखोरी. म्हणजे ही खोड आईच्या लाडाने किंवा आजीच्या दुर्लक्षाने लागत नाही. बाळ त्याने शांत होते, झोपते. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सोडतात, आणि तोवर कोणी काही करायची गरज नसते.

प्रश्न उरतो तो त्यापुढेही न सोडणाऱ्यांचा. आपण समजतो की दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तसे नाही. दाताच्या मुळाभोवती बारीक धाग्यांची गादी असते. हलका दाब पुष्कळ वेळ एकाच दिशेने राहिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते, मागच्या बाजूला नवे भरते आणि दात सरकतो. तारा लावून दात सरळ करतात तेही याच गुणावर. दात आपल्या जागी राहतो तो आतून जीभ आणि बाहेरून ओठ-गाल यांच्या समतोलामुळे. त्यात अंगठा घुसला की समतोल बिघडतो: वरचे दात पुढे ढकलले जातात, खालचे आत दबतात, आणि मध्ये अंगठा असल्याने दोन्हीकडचे दात पुरते वाढून भेटत नाहीत. तीच ती फट. शिवाय चोखताना गाल आत ओढले जातात आणि टाळूला आतून टेकून राहणारी जीभ खाली जाते. मग वरचा जबडा अरुंद होतो आणि दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागतात.

यात जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा. एखादे मूल कचाकचा चोखते पण पाच मिनिटे. दुसरे नुसता अंगठा तोंडात ठेवून झोपते. नुकसान दुसऱ्याचे अधिक. दात हलायला दिवसाकाठी सुमारे सहा तासांचा दाब लागतो असा हिशेब दंतवैद्य सांगतात. आमच्या नातीचे सहा तास एका रात्रीतच भरत होते.

आता वयाचे गणित. दुधाचे दात वीस. सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे पुढचे दात पडून नवे येतात, त्याच सुमारास मागे पहिल्या कायमच्या दाढा येतात, आणि वरचे पुढचे दोन मोठे दात सात-आठ वर्षांत. हे यायच्या आधी सवय सुटली तर पुढची फट पुष्कळ वेळा आपोआप भरते. अरुंद झालेला जबडा मात्र सहसा आपोआप रुंद होत नाही, त्याला उपचार लागतो. म्हणून तिथले दंतवैद्य तीन वर्षांनंतरही सवय असेल तर दाखवा म्हणतात. 'पक्के दात आल्यावर बघू' असे आम्ही मुलाला फोनवर सांगत होतो, ते अगदी उलटे होते.

'थव्ता'चाही उलगडा तिथेच झाला. 'स' म्हणताना जीभ दातांच्या मागे राहावी लागते. समोर फट असेल तर ती बाहेर डोकावते. डॉक्टरीणबाईंनी नातीला 'सन' म्हणायला सांगितले, आणि ज्याचे आम्ही कौतुक करत होतो ते आम्हाला निराळ्या कानांनी ऐकू आले.

बाळांना रबरी पॅसिफायर, म्हणजे इस्राएलमध्ये ज्याला आपण 'मोत्सेत्स' म्हणतो, तो द्यावा की नाही, असे पुष्कळ आज्या विचारतात. पहिल्या वर्षात झोपताना तो द्यायला अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हरकत घेत नाहीत, उलट झोपेत बाळ दगावण्याचा धोका त्याने कमी होतो असे सांगतात. फार वर्षे चालला तर तोही दाढांची ठेवण बिघडवतो. पण मोत्सेत्स एके दिवशी कचऱ्यात टाकता येतो. अंगठा कुठे टाकणार?

सगळेच वाईट आहे असेही नाही. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन गावी हजारावर मुलांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली गेली. अंगठा चोखणाऱ्या किंवा नखे खाणाऱ्या मुलांपैकी ३८ टक्क्यांना तेराव्या वर्षी ॲलर्जीची चाचणी लागू पडली, तसे न करणाऱ्यांत ४९ टक्क्यांना. म्हणून कोणी अंगठा चोखायला शिकवावे असे नाही. डॉक्टरीणबाई हसून सोडून देत होत्या.

धाक दाखवण्याची रीत केवळ आपली नव्हे. जर्मनीत फ्रँकफर्टच्या हाइनरिख हॉफमन या डॉक्टरांनी १८४५ साली मुलांसाठी जे चित्रांचे पुस्तक काढले, त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी मोठ्या कात्रीने कापून टाकतो. कित्येक पिढ्यांनी ते मुलांना वाचून दाखवले.

आणि आमच्याच घरातली गोष्ट. धाकटी बहीण अलिबागला, इस्रायल आळीत वाढली. दहा वर्षांची होईस्तोवर अंगठा चोखत असे. हाताला फडके बांधले, चार लोकांत हात ओढून काढला, पाहुण्यांसमोर नाव ठेवले. ती माळ्यावर लपून चोखू लागली. पुढे दात पुढे आले ते तसेच राहिले. तारा लावणे त्या काळी आम्हाला माहीतच नव्हते. लग्नाच्या वेळी दोन ठिकाणी नकार आला, आणि कारण कोणी तोंडावर सांगितले नाही तरी सगळ्यांना ठाऊक होते. ती आजही फोटो काढताना पदर तोंडापाशी नेते. मिरचीच्या रात्रीनंतर आम्हा दोघांनाही तीच आठवली, पण ते एकमेकांशी बोलायला दोन दिवस लागले.

तर करायचे काय? पहिले, मुलाला विचारायचे की तुला सोडायचे आहे का. त्याची इच्छा नसेल तर बाकीचे फुकट. मग अंगठा केव्हा जातो ते पाहायचे: कंटाळा, झोप, भीती. आमच्याकडे टीव्हीच्या वेळी नातीच्या हातात कणकेचा गोळा दिला. ती पोळ्या लाटायची, वेड्यावाकड्या, पण दोन्ही हात गुंतलेले. रात्री हातात पातळ सुती मोजा, तिनेच निवडलेला, ससे असलेला. तो शिक्षा म्हणून नव्हे, झोपेत आठवण म्हणून. भिंतीवर कॅलेंडर, आणि कोरड्या अंगठ्याच्या प्रत्येक रात्रीसाठी चांदणी. चुकली तर ओरडायचे नाही, चांदणी नाही एवढेच. दुकानात कडू रंगही मिळतो, नखाला लावायचा. काही मोठी मुले स्वतः मागून लावतात. मुलाच्या मनाविरुद्ध लावला तर तो आमच्या मिरचीचाच भाऊ.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर वरच्या दातांमागे तारेचा लहानसा कठडा बसवतात. अंगठा आत गेला तरी टाळूला टेकत नाही आणि चोखण्याची गोडी जाते. २०१५ साली कोक्रेन या संस्थेने तोवरचे सारे प्रयोग एकत्र तपासले; अशी तार आणि बक्षीस-प्रोत्साहन, दोन्हींचा उपयोग होतो असे त्यांना दिसले, पण प्रयोग थोडे आणि फारसे भक्कम नव्हते असेही त्यांनीच लिहिले आहे. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी चांदण्या, तीन महिन्यांनी पाहू.

इथे इस्राएलमध्ये ज्यांची नातवंडे आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१० पासून मुलांच्या दातांची तपासणी व साधे उपचार कुपत होलीममधून होतात. आधी लहान मुलांपुरते होते, आता अठरा वर्षांपर्यंत आहेत. दात सरळ करण्याच्या तारा त्यात धरलेल्या नाहीत. तेव्हा तपासणीला उशीर केला तर पुढचा खर्च घरचाच. अमेरिकेत तो काही हजार डॉलरांत जातो.

आम्ही परत निघालो तेव्हा कॅलेंडरवर सतरा चांदण्या होत्या. मध्ये शाळेत कोणाशी भांडण झाले त्या आठवड्यात एकही नाही. सूनबाईने तो आठवडा तसाच मोकळा ठेवला, काही बोलली नाही. विमानतळावर तिने आम्हाला जवळ घेतले आणि म्हणाली, "मिरची मात्र डब्यातच ठेवा."

गेल्या शुक्रवारी व्हिडिओवर नातीने तोंड उघडून दाखवले. खालचा एक दात पडला आहे आणि तिथे नव्याचे पांढरे टोक दिसते आहे. चांदण्या एकेचाळीस. आमची हाक अजून 'थव्ता'च येते. त्यासाठी उच्चार शिकवणाऱ्या बाईंकडे दर मंगळवारी जाते, आणि आता आम्ही तिला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावत नाही.