नाव गव्हर्नराचे, फूल सह्याद्रीचे

शिवनेरीच्या कड्यावर पावसाळ्याच्या अखेरीस एक फूल उमलते. मांसल पानांच्या लोंबत्या फांदीवर किरमिजी रंगाची, पिवळ्या नक्षीची पाच पाकळ्यांची चांदणी! लोक तिला 'शिंदळ माकुडी' म्हणतात. अलीकडे 'शिवसुमन' हे नावही रूढ होत आहे. महाराष्ट्रातील सह्याद्रीखेरीज ही वनस्पती जगात अन्यत्र निसर्गतः आढळत नाही.

शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद झाली ती १८६० नंतरच्या दशकात. डाल्झेल या वनाधिकाऱ्याने तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिले. प्रजातीस मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव, जातीस भारताचे. तिच्या जवळच्या आप्तांना ठळक पाने नसतात, हिला असतात. म्हणून हिचा संसार वेगळा मांडला गेला. १९५८ साली राउली यांनी तिला 'कॅरालुमा' प्रजातीत घातले. तेथे 'इंडिका' नावाची जाती अगोदरच नांदत होती, आणि एका प्रजातीत एकच नाव दोन जातींना चालत नाही. सबब नवे नाव 'फ्रेरी' झाले. २००२ साली वर्गीकरण पुन्हा बदलले आणि ती 'बूसेरोशिया फ्रेरी' ठरली. म्हणजे भारत गळाला, गव्हर्नर मात्र राहिले!

यात कोणाचा कावा नाही; हा नियमांचा परिणाम आहे. मग ते नाव बदलून घ्यावे काय? २०२४ च्या माद्रिद परिषदेने आफ्रिकी जनतेस अपमानास्पद वाटणारी काही विशेषणे बदलण्याचे ठरविले, हे खरे. परंतु केवळ अभिमानापोटी प्रत्येक देश नावे बदलू लागला, तर खातेवहीच वाचता येणार नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला हा धोका मोठा वाटतो. एकाच वनस्पतीची नोंद एका यादीत 'फ्रेरिया', दुसरीत 'बूसेरोशिया' अशी झाली, तर शिल्लक किती आणि संरक्षण कोणाला, याचा मेळ कसा बसावा?

आपली खरी उणीव निराळी आहे. कड्याखालच्या गुराख्याला ठाऊक असलेले नाव आपल्या पाठ्यपुस्तकात व वनखात्याच्या नोंदीत शास्त्रीय नावाशेजारी असावयास हवे. वणवा लागतो, गुरे चरतात, तेव्हा तेथे लॅटिन जाणणारा कोणी नसतो. तो गुराखी असतो. शिक्षकांनी गडावर सहल नेताना ही दोन्ही नावे मुलांना सांगावीत आणि फूल तोडू देऊ नये. एवढे तरी आपल्या हाती खचित आहे.