मलवाहिनी का तुंबते?

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात आहे. येलदरीतून सोडलेले पाणी येथे अडविले जाते आणि येथून ते कालव्यांना व हिंगोली शहराच्या नळांना मिळते. धरण जवळ असले तरी मराठवाड्यातील घरांत पाणी साठवून, बादलीने मोजून वापरण्याची सवय जुनीच आहे. ही काटकसर योग्य असली तरी तिचा एक परिणाम सहसा कोणी विचारात घेत नाही. मैला व सांडपाणी बाहेर नेणारी घराची मुख्य वाहिनी पाण्याच्या जोरावरच स्वच्छ राहते. पाण्याचा जोर कमी पडला की तळाशी गाळ बसू लागतो.

प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण दोन फूट असला म्हणजे गाळ वाहून जातो. त्यासाठी चार इंची पाइपला ४० फुटांत एक फूट आणि सहा इंची पाइपला ६० फुटांत एक फूट उतार द्यावा, असा रूढ ठोकताळा आहे. मोठा पाइप टाकला की चिंता मिटली, हा समज मात्र खोटा आहे. रुंद पाइपमध्ये थोडे पाणी पातळ होऊन पसरते आणि मैला मागेच राहतो. पाणी जपून वापरणाऱ्या घरांना सोपा उपाय म्हणजे धुण्याचे उरलेले पाणी तांब्या-तांब्याने न टाकता शौचकूपात एकदम बादलीभर ओतणे. त्या एका लोंढ्याने वाहिनी धुऊन निघते.

खरा शत्रू स्वयंपाकघरात असतो. तळणीचे तेल व ताटांवरचा तूपकट थर मोरीतून गरम असताना सहज वाहून जातो, पण पुढे थंड पाइपच्या भिंतींना चिकटतो. त्यावर चहाचा चोथा, भाताची शिते व भांडी घासण्याची राख बसते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये चरबी आणि ओल्या पुसण्यांचा असाच एक गोळा गटारात सापडला. त्याची लांबी सुमारे २५० मीटर आणि वजन १३० टन होते! घरातला गोळा अर्थातच लहान असतो, पण चार इंची पाइप बंद करण्यास मूठभर चरबीही पुरते. म्हणून तेलकट भांडी आधी कागदाने पुसावीत आणि मोरीला बारीक जाळी असावी. सॅनिटरी नॅपकिन, लंगोट, केसांचे गुंते व ओल्या पुसण्या यांची जागा कचरापेटीत आहे, शौचकूपात नव्हे. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे जुन्या चिनीमातीच्या पाइपच्या सांध्यांतून आत शिरतात; त्यामुळे अशा झाडापासून वाहिनी दूर नेलेली बरी.

एकच नहाणी तुंबली तर दोष तिच्या फाट्यात असतो. सर्वच ठिकाणी पाणी हळू उतरत असेल, शौचकूपातून गुडगुड ऐकू येत असेल, तर मुख्य वाहिनी पाहावी. चेंबर भरलेला असल्यास अडथळा त्याच्या पुढे आहे. तो कोरडा असल्यास अडथळा घराच्या बाजूस आहे. एवढी खूण ठाऊक असली की अंगण उगाच खणावे लागत नाही. गच्चीचे पावसाळी पाणी या वाहिनीत सोडू नये, कारण त्याबरोबर माती येते. बाटलीतले आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र ओतण्याचा प्रयोग तर करूच नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जिथे सार्वजनिक मलवाहिनी नाही, तिथे सांडपाणी टाकीत व पुढे शोषखड्ड्यात जाते. टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसला नाही, तर तो शोषखड्ड्याची छिद्रे बंद करतो आणि मैला उलटा घराकडे येतो. उपसा यंत्रानेच व्हावा. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो आणि आत उतरलेला माणूस पाहता पाहता कोसळतो. त्याला वाचविण्यास उतरणाराही बहुधा परत येत नाही. संरक्षक साधनांविना कोणाला मलवाहिनीत वा टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि हा नियम घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मलवाहिनीतील मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली.