संमिश्र कार्यालयातील छपाई : प्रिंट सर्व्हरची उभारणी आणि देवनागरी अक्षर

१. प्रश्नाचे स्वरूप

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा निर्माण झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. टंकलेखन यंत्राची जागा संगणक घेऊ लागला होता त्या काळातच या जिल्ह्याचा कारभार सुरू झाला. तथापि कोणत्याही कार्यालयात सर्व संगणक एकाच वेळी येत नाहीत. निधी मिळेल त्याप्रमाणे ते येत जातात, आणि जुने यंत्र चालते आहे तोवर ते सहसा काढून टाकले जात नाही. परिणामी एकाच दालनात विंडोजच्या दोन-तीन आवृत्त्या, एखाद्या टेबलावर सी-डॅकने २००७ साली प्रसृत केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली, आणि लेझर, इंकजेट व डॉट मॅट्रिक्स अशा निरनिराळ्या जातींचे प्रिंटर एकत्र नांदू शकतात. अशा कार्यालयास प्रस्तुत लेखात ‘संमिश्र कार्यालय’ असे म्हटले आहे.

अशा ठिकाणची छपाईची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. प्रिंटर एका संगणकाला जोडलेला असतो; इतरांनी आपली फाइल पेन ड्राइव्हवर घालून तेथे न्यावयाची. त्या टेबलावरील कर्मचारी रजेवर असला म्हणजे सर्वांचीच छपाई थांबते. शिवाय फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की कधी फॉन्ट बदलतो, कधी ओळी खाली-वर सरकतात, तर कधी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. दाखल्यासाठी खेड्यातून आलेल्या माणसाचे नाव कागदावर चुकीचे उतरले, तर दुरुस्तीसाठी त्याला पुन्हा एक खेप घालावी लागते. म्हणून प्रिंट सर्व्हरचा विचार करताना कागद बाहेर पडला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. अक्षर शुद्ध उतरले की नाही, हेही पाहावे लागते.

२. प्रिंट सर्व्हरचे कार्य

प्रिंट सर्व्हर म्हणजे कार्यालयातील सर्व संगणकांकडून छपाईचे काम स्वीकारणारा, ते रांगेत लावणारा, आवश्यक तेथे प्रिंटरला समजेल अशा रूपात त्याचे रूपांतर करणारा आणि क्रमाने ते प्रिंटरकडे धाडणारा संगणक होय. कार्यालयांतील जावक विभागाशी त्याची तुलना करता येईल. पत्र कोणी लिहिले याच्याशी जावक लिपिकास कर्तव्य नसते. नोंद, क्रम आणि रवानगी या गोष्टी मात्र त्याच्या हातून चुकता कामा नयेत.

संगणक व सर्व्हर यांच्यातील संभाषणाच्या रीती अनेक आहेत. एल. पी. डी. ही जुनी रीत. तिचे वर्णन १९९० साली प्रसिद्ध झाले. विंडोजच्या संगणकांची स्वतःची रीत एस. एम. बी. या नावाने ओळखली जाते, आणि लिनक्सवर ती बोलण्याचे काम ‘साम्बा’ ही आज्ञावली करते. १९९९ साली आय. पी. पी. ही रीत पुढे आली. आज विंडोज, लिनक्स, मॅकिन्टॉश आणि मोबाइल फोन या सर्वांना ती समजते. मायकेल स्वीट यांनी रचलेली ‘कप्स’ ही मुद्रणव्यवस्था याच रीतीवर उभी आहे. तीही १९९९ सालीच लोकांपुढे आली आणि आता लिनक्सवरील छपाईचा ती मुख्य आधार आहे. संमिश्र कार्यालयाकरिता लिनक्स व कप्स यांची जोडी सोयीची पडते, याचे कारण त्यांस परवान्याचे मूल्य द्यावे लागत नाही आणि बेताच्या शक्तीचा जुना संगणकही या कामास पुरतो.

३. उभारणीचा क्रम

प्रथम सर्व्हरला आणि नेटवर्कवरील प्रत्येक प्रिंटरला कायमचा आय. पी. पत्ता द्यावा. राउटर रोज नवा पत्ता देत राहिला, तर आज चालणारी छपाई उद्या बंद पडते आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. ज्या प्रिंटरला नेटवर्कची तार जोडता येत नाही, तो यू. एस. बी. तारेने थेट सर्व्हरलाच जोडावा.

त्यानंतर प्रत्येक प्रिंटरसाठी कप्समध्ये एक रांग निर्माण करावी. रांगेचे नाव प्रिंटरच्या बनावटीवरून न ठेवता जागेवरून ठेवावे. ‘आस्थापना’ किंवा ‘लेखा’ हे नाव प्रिंटर बदलला तरी टिकते. कागदाचा मूळ आकार ए-४ असा निश्चित करावा. अमेरिकेत प्रचलित असलेला ‘लेटर’ हा आकार नजरचुकीने राहून गेल्यास प्रिंटर नसलेल्या कागदाची वाट पाहत थांबतो आणि त्याच्यामागची सारी रांग अडते.

विंडोजच्या नव्या संगणकांवर आय. पी. पी. नेच रांग जोडावी. ज्या जुन्या संगणकांस ते साधत नाही, केवळ त्यांच्यासाठी साम्बाचा मार्ग ठेवावा. २०२१ साली विंडोजच्या मुद्रणसेवेत गंभीर सुरक्षादोष उघडकीस आले. तेव्हापासून सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवून घेण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो. त्यामुळे वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालणारी पद्धती स्वीकारणे श्रेयस्कर. सर्व्हरचा ६३१ क्रमांकाचा पोर्ट कार्यालयाच्या नेटवर्कपुरताच खुला असावा. छापून झालेली फाइल सर्व्हरवर काही काळ राहू शकते. गोपनीय कागदांचा विचार करून हा काळ ठरवून द्यावा.

वीज खंडित होण्याचा प्रश्न आपल्याकडे दुर्लक्षिता येत नाही. सर्व्हर, स्विच आणि राउटर यांना यू. पी. एस. अवश्य असावा. लेझर प्रिंटर मात्र लहान यू. पी. एस. वर जोडू नये. शाई कागदावर पक्की करणारा त्याचा तापक एकाएकी मोठा विद्युत्प्रवाह ओढतो. रांगेतील कामे सर्व्हरच्या डिस्कवर असल्याने वीज परत आल्यावर ती पुढे चालू होऊ शकतात. परंतु अपयश येताच रांग थांबवावी असे धोरण नेमलेले असेल, तर कोणीतरी ती हाताने सुरू करीपर्यंत छपाई होणार नाही. त्याऐवजी पुन्हा प्रयत्न करण्याचे धोरण निवडावे.

४. अक्षर कोठे घडते?

येथवरचा भाग कोणत्याही भाषेच्या कार्यालयास लागू पडतो. मराठीचा खास प्रश्न यापुढे आहे. युनिकोड पद्धतीत ‘रिसोड’ हा शब्द साठविताना आधी ‘र’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. कागदावर मात्र वेलांटी ‘र’च्या अलीकडे काढावी लागते. ‘मंगरूळपीर’ या शब्दातील ‘रू’चा ऊकार इतर अक्षरांप्रमाणे पायाशी न लागता ‘र’च्या कुशीत लागतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोहोंत एका रफाराचे अंतर, पण एक मान गुरूला मिळतो आणि दुसरा स्वयंपाक्याला. हे सारे जुळविण्याचे काम फॉन्ट आणि अक्षररचना करणारी आज्ञावली ही दोघे मिळून करतात. इंग्रजीचे अक्षर साठवणीच्या क्रमानेच कागदावर मांडता येते; देवनागरीला ही मधली पायरी अनिवार्य आहे.

तेव्हा ही पायरी कोणत्या यंत्रावर पार पडावी, हा संमिश्र कार्यालयातील कळीचा प्रश्न होय. उत्तर असे की, जेथे मजकूर लिहिला गेला आणि लिहिणाऱ्याने तो डोळ्यांनी पाहिला, त्याच संगणकावर ती पार पडावी. तेथून पुढे घडलेली अक्षरे जावीत, म्हणजेच फॉन्ट अंतर्भूत असलेली पी. डी. एफ. फाइल किंवा पानाचे चित्र जावे. साधा मजकूर तसाच सर्व्हरकडे पाठविल्यास सर्व्हर तो आपल्या समजुतीने मांडतो, आणि ती समजूत बहुधा इंग्रजीपुरती असते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला मजकुराचे नुसते संकेतांक पाठविले, तर तो स्वतःच्या पोटातील अक्षरेच काढतो. त्यांत देवनागरी नसली तर भलतीच चिन्हे उमटतात.

युनिकोडपूर्व फॉन्टांची अडचण याहून बिकट आहे. त्यांत मराठी मजकूर वस्तुतः रोमन अक्षरांच्या संकेतांकांनी साठविलेला असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवितो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो. अशा जुन्या फाइली फॉन्ट असलेल्या संगणकावर पी. डी. एफ. करून मगच छपाईस द्याव्यात, आणि सवडीने त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे.

५. पडताळणी

उभारणी पुरी झाल्यावर एक पडताळणी-पत्रक तयार करावे. त्यात सहाही तालुक्यांची नावे, ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांसारख्या जोड्या, क्ष आणि ज्ञ, व एक ते शून्य हे देवनागरी अंक असावेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणित केलेल्या वर्णमालेतील ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही पाहावीत. ती बदललेली दिसली तर फॉन्ट बदलला असे समजावे. हे पत्रक प्रत्येक संगणकावरून प्रत्येक रांगेत छापून एका नमुन्याशी ताडून पाहावे.

चूक आढळल्यास तीच फाइल त्याच संगणकावर पी. डी. एफ. करून पाहावी. पी. डी. एफ. मध्येच चूक असेल, तर दोष त्या संगणकाच्या फॉन्टात किंवा आज्ञावलीत आहे. पी. डी. एफ. शुद्ध असून कागद अशुद्ध येत असेल, तर दोष ड्रायव्हरपासून प्रिंटरपर्यंतच्या पुढील वाटेवर शोधावा. एवढ्या एका कसोटीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

हे पत्रक एकदा छापून फाइलीत लावण्यापुरते नाही. नवा संगणक आला, प्रिंटर बदलला किंवा प्रणालीची नवी आवृत्ती चढविली, की ते पुन्हा छापावे आणि मराठी वाचणाऱ्या माणसाने ते वाचावे. सर्व्हरच्या नोंदवहीत ‘काम पूर्ण झाले’ एवढेच लिहिलेले असते. ‘रिसोड’ची वेलांटी जागेवर आहे की नाही, हे तिच्यात सापडत नाही.