लोकल सर्व्हर : सर्वेक्षणाचा फॉर्म आधी आपल्याच लॅपटॉपवर चालवून बघा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात : "ताई, प्रोजेक्टसाठी लोकांकडून नोंदी गोळा करायच्या आहेत. तयार ऑनलाइन फॉर्म पुरत नाही, स्वतःची छोटी वेबसाइट करायची आहे. होस्टिंग कुठलं घेऊ?" माझं उत्तर असतं की होस्टिंग सगळ्यात शेवटी घ्या. असं का सांगते, ते माझ्याच एका चुकीवरून सांगते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पावसाळ्यातल्या बेडकांच्या आवाजांच्या नोंदी जमा करत होते. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या पट्ट्यात काही स्वयंसेवक होते. रात्री आवाज ऐकायचा, मोबाइलवर फॉर्म भरायचा, फोटो मिळाला तर जोडायचा, इतकं साधं काम. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की फॉर्ममध्ये 'पाण्याचा प्रकार' हा रकानाच नाही. डबकं, शेत, ओढा, विहीर, काहीच निवडता येत नव्हतं. मी थेट होस्टिंगवरची फाइल उघडली, रकाना वाढवला, सेव्ह केलं. फॉर्म उघडून बघितला, रकाना दिसला. लॅपटॉप बंद करून जेवायला गेले.

फॉर्म दाखवणारी फाइल वेगळी असते आणि भरलेला फॉर्म स्वीकारून डेटाबेसमध्ये टाकणारी फाइल वेगळी. या दुसऱ्या फाइलमध्ये माझा एक अर्धविराम राहिला होता. म्हणजे फॉर्म नीट दिसत होता, पण 'पाठवा' दाबलं की काहींना कोरं पान आणि काहींना इंग्रजीतला कसलातरी संदेश. लोकांना वाटलं, पावसात नेट गेलं असेल. रविवारी सकाळी एका काकांनी फोन करून विचारलं तेव्हा मला कळलं. बैलबेडकांसारख्या जाती पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदम जमतात आणि एक-दोन रात्रींत त्यांचा गोंधळ ओसरतो. पुढची संधी थेट पुढच्या जूनमध्ये. चिखलात उभं राहून लोकांनी भरलेल्या त्या दोन रात्रींच्या नोंदी माझ्याकडे नाहीत.

आता मूळ विषय. सर्व्हर म्हणजे कुठलं तरी खास यंत्र असतं असं नाही. मागितलेलं पान पुरवणारा प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरवर चालतो तो सर्व्हर. हाच प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपवर बसवला की तो झाला लोकल सर्व्हर. ब्राउझरच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' लिहिलं की मागणी बाहेर इंटरनेटवर जातच नाही. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे 'मी स्वतःच', त्यामुळे मागणारा आणि देणारा एकाच लॅपटॉपवर. नेट नसलं तरी चालतं. नाटक लावण्याआधी रिकाम्या सभागृहात तालीम करतात, तसंच हे.

नवशिक्यांसाठी झॅम्प हे पॅकेज सोपं पडतं. त्यात पानं पुरवणारा अपाची, कोड चालवणारी पीएचपी आणि डेटा साठवणारा मारियाडीबी, तिन्ही एकत्र येतात. झॅम्पच्या फोल्डरमध्ये 'एचटीडॉक्स' नावाचं फोल्डर असतं, तुमच्या फाइली त्यात ठेवायच्या. इथे जवळजवळ प्रत्येकजण एक चूक करतो : फाइलवर डबल क्लिक करतो. तसं केलं की पत्ता 'फाइल' या शब्दाने सुरू होतो, सर्व्हर मध्ये येतच नाही आणि पीएचपी चालत नाही. पत्ता लोकलहोस्टपासूनच सुरू व्हायला हवा. अपाची सुरूच झाला नाही तर बहुधा पोर्ट ८० दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने अडवलेला असतो. सेटिंगमध्ये ८० चं ८०८० करा आणि पत्त्यातही लोकलहोस्टपुढे ते लिहा. बसवण्याबद्दल एवढं पुरे, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत.

पण बसवलं म्हणजे काम झालं असं नाही. लोकलवर नेमकं काय तपासायचं, याबद्दल संशोधन करणाऱ्यांसाठी कुणी फारसं सांगत नाही. दुकानाच्या वेबसाइटवर बटण तिरकं दिसलं तर चालून जातं. आपल्याकडे मात्र एखादी चूक डेटात शिरून बसते आणि वर्षभराने विश्लेषण करताना कळते, किंवा कळतच नाही.

सगळ्यात आधी वेळ. झॅम्पच्या पीएचपी सेटिंगमध्ये बर्लिनचा टाइम झोन दिलेला असतो, कारण हे पॅकेज मूळ जर्मनीतलं. उन्हाळ्यात बर्लिन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. पुष्कळ होस्टिंगवर यूटीसी वेळ असते, म्हणजे साडेपाच तास मागे. आता बघा, रात्री १२.१५ ला ऐकलेला बेडूक लोकलवर आदल्या दिवशी रात्री ८.४५ ला नोंदला जातो आणि होस्टिंगवर आदल्या दिवशी संध्याकाळी ६.४५ ला. नुसती वेळच नाही, तारीखही बदलली. दिवसा भरल्या जाणाऱ्या फॉर्ममध्ये हे पटकन डोळ्यांत भरत नाही. कोडमध्ये सुरुवातीलाच 'एशिया/कोलकाता' हा झोन लिहून टाका. डेटाबेसचं घड्याळ वेगळं असू शकतं, म्हणून वेळ एक तर पीएचपीकडून घ्या नाहीतर डेटाबेसकडून. दोन्हींकडून नको.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. जुन्या पद्धतीच्या टेबलमध्ये लॅटिन१ ही अक्षरपद्धती असेल तर 'सावंतवाडी'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठवली जाऊ शकतात, आणि तसं एकदा झालं की मूळ नाव परत मिळत नाही. मायएसक्यूएलमधली 'यूटीएफ८' ही सोय देवनागरीला पुरते, कारण आपल्या अक्षरांना तीन बाइट लागतात. पण इमोजीला चार लागतात. आमच्या एका स्वयंसेवकाला प्रत्येक शेऱ्याच्या सुरुवातीला हिरवा बेडूक टाकायची हौस होती. अशा टेबलमध्ये तो बेडूक आला की नोंदच नाकारली जाते, किंवा बेडकापासून पुढचा शेरा कापला जातो. म्हणून टेबल बनवतानाही आणि डेटाबेसला जोडतानाही 'यूटीएफ८एमबी४' स्पष्ट लिहायचं, लोकलवर आपोआप नीट दिसतंय म्हणून सोडून द्यायचं नाही.

लांबीचाही असाच घोळ होतो. 'लक्ष्मी' हे नाव वाचताना आपल्याला दोन अक्षरांचं वाटतं. युनिकोडच्या हिशेबात ती सात चिन्हं, आणि पीएचपीच्या साध्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनच्या हिशेबात २१ बाइट. 'नाव २० पेक्षा मोठं नको' अशी अट इंग्रजी नावं टाकून तपासली तर पास होते आणि गावातल्या लक्ष्मीताईंना फॉर्म भरता येत नाही. म्हणून चाचणीत जोडाक्षरं भरपूर असलेली मराठी नावं टाका. आणि लांबी मोजायला 'एमबी'ने सुरू होणारी फंक्शन वापरा.

फोटोंसाठी पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी आहे, मोबाइलचे फोटो सहज त्याच्यावर जातात. आणखी वाईट म्हणजे पूर्ण फॉर्मची मर्यादा, जी मुळात ८ एमबी असते, ओलांडली गेली तर फोटोबरोबर बाकीचे सगळे रकानेही रिकामे येतात. मोठा फोटो मुद्दाम जोडून बघा.

लोकल आणि प्रत्यक्ष सर्व्हर कधीच पूर्ण सारखे नसतात, हेही लक्षात असू द्या. विंडोजला फाइलच्या नावातलं मोठं आणि छोटं इंग्रजी अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं, त्यामुळे घरी चालणारी फाइल तिथे 'सापडत नाही'. सगळी नावं छोट्या अक्षरांत ठेवली की प्रश्न मिटतो. पीएचपीची आवृत्तीही दोन्हीकडे जुळवून घ्या. त्यासाठी डॉकर जास्त चांगलं आहे, पण पहिल्याच प्रोजेक्टला ते शिकत बसू नका, असं माझं मत.

आता एक मोह. चाचणीसाठी खरा डेटाबेस लॅपटॉपवर उतरवून घ्यावासा वाटतो. सहभागी लोकांचे फोन नंबर, ईमेल, आजाराची माहिती त्यात असेल तर असं करू नका. त्यांनी संमती दिली ती संशोधनासाठी, तुमच्या लॅपटॉपवरच्या तालमीसाठी नाही. शिवाय झॅम्पच्या डेटाबेसमध्ये मुख्य युजरला सुरुवातीला पासवर्डच नसतो. कोडमध्ये ईमेल पाठवायची खरी सेटिंग राहिली असेल, तर तुमच्या चाचणीची पत्रं खऱ्या लोकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतील. नोंदी खोट्याच बनवा, पन्नासएक पुरतात.

हल्ली कुठलाही बदल मी आधी लोकलवर करते, तिथे फॉर्म भरून 'पाठवा' दाबते आणि डेटाबेस उघडून नवी ओळ डोळ्यांनी बघते. नुसता फॉर्म दिसला यावर आता माझा विश्वास नाही. मग होस्टिंगवरच्या डेटाबेसचा बॅकअप घेऊन दुपारच्या वेळी फाइली चढवते, पाऊस पडत असेल तर तेही नाही. चढवल्यावर स्वतःच्या मोबाइलवरून एक नोंद पाठवते. तिच्यात गावाचं नाव नेहमी एकच असतं, 'चाचणीवाडी'. माझ्या विश्लेषणाच्या कोडमधली पहिलीच सूचना चाचणीवाडीच्या सगळ्या नोंदी वगळण्याची आहे.