वामनदादांच्या शिवडीत अलंकारांची भीती कशाला?

आमच्या शिवडीत दर रविवारी बुद्धवंदना झाल्यावर दहावीच्या मुलामुलींचा अभ्यास घेण्याचा प्रघात आम्ही काही कार्यकर्त्यांनी ठेवला आहे. गणित, इंग्रजी मुलं कशीबशी पार करतात. पण ‘अलंकार ओळखा’ म्हटलं की माना खाली जातात. मध्यंतरी एक मुलगी म्हणाली, “काका, हे आपल्यातलं नाही. आपल्या घरात कोण कविता करतं?” त्याच मुलीची आजी भीमजयंतीला तासभर गाणी म्हणते आणि हातात कागदाचा कपटाही नसतो!

मला माझी शाळा आठवली. ‘माझा आवडता कवी’ या निबंधात मी वामनदादा कर्डकांवर लिहिलं होतं. “ती गाणी, कविता नव्हे,” असं म्हणून गुरुजींनी वही परत केली. मी गप्प बसलो. या मुलीला गप्प बसू द्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलांना मी आधी वामनदादांचीच हकिकत सांगितली. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत त्यांचा जन्म झाला. मुंबईत येऊन ते गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. याच शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना ते समता सैनिक दलात गेले. एकदा कुणीतरी त्यांच्या हाती वाचायला पत्र दिलं आणि त्यांना ते वाचता येईना. ती लाज मनाला लागली. देहलवी मास्तरांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. जोडाक्षरं ते दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. १९४३ साली त्यांनी पहिलं गीत लिहिलं, तेही हिंदी गाण्याचं विडंबन! २००४ साली दादा गेले, तोवर हजारो गीतं महाराष्ट्रभर पोचली होती. आपल्याच वस्तीत एक माणूस पाट्या वाचत वाचत कवी झाला, मग आपण पाच-सहा अलंकारांना का भ्यावं?

अलंकार आपण रोज बोलतो, फक्त त्यांची नावं ठाऊक नसतात. “पोरगं वाऱ्यासारखं पळालं” ही उपमा. सारखा, वाणी, परी हे शब्द तिची खूण. “खाडीतले रोहित पक्षी म्हणजे जणू चिखलावर पसरलेला गुलाबी कागदच,” इथं ‘जणू’ आला, ही उत्प्रेक्षा. “आमची आई म्हणजे घराचा खांब,” इथं आई आणि खांब एकच मानले, हे रूपक. “भोंगा आम्हाला हाका मारायचा,” असं जुने गिरणी कामगार सांगतात; निर्जीव भोंग्याला माणसासारखं वागायला लावलं, ही चेतनगुणोक्ती. “नळाला पाणी येईस्तोवर माझी हाडं वाळली,” ही अतिशयोक्ती. एकच अक्षर पुन्हा पुन्हा येऊन नाद झाला की अनुप्रास. आणि ओळीच्या शेवटी जुळणारी अक्षरं म्हणजे यमक. ते तर प्रत्येक भीमगीतात कानावर पडतं.

काव्यप्रकारांचंही तसंच. आपण वंदनेत गाथा म्हणतो. धम्मपदात अशा ४२३ गाथा आहेत. थेरीगाथेत तर भिक्खुणींचं स्वतःचं काव्य आहे. पाणी वाहणारी दासी पुण्णिका, नदीत बुडी मारून पाप धुतलं जात नाही, हे त्यात ब्राह्मणाला पटवून देते. आपल्या आज्या जात्यावर म्हणत ती ओवी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. अभंग बोटांवर मोजता येतो. मोठ्या अभंगाला चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. चोखोबा आणि सोयराबाई यांनी याच अभंगातून आपलं दुःख मांडलं. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत. महात्मा फुल्यांनी अभंगाचाच घाट घेऊन ‘अखंड’ रचले आणि १८६९ साली शिवरायांचा पोवाडा लिहिला. अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाडा-लावणी कामगारांच्या सभेत नेली. नारायण सुर्व्यांना परळच्या गिरणी कामगाराने वाढवलं. त्यांचं ‘माझे विद्यापीठ’ १९६६ सालचं. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने यमकाची आणि मात्रांची चौकट बाजूला सारली. तो मुक्तछंद. पण चौकट मोडायची तरी ती आधी माहीत असावी लागते.

पालक बंधू-भगिनींनो, मुलांना पाठांतराची सक्ती करण्यापेक्षा एक वही आणून द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांची गाणी त्यांना उतरवून घ्यायला सांगा आणि समासात अलंकाराचं नाव लिहायला लावा. परीक्षेचे गुण मिळतीलच. पण आजी गेली की तिची गाणी कुठल्या ग्रंथालयात मिळणार नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

पुढच्या रविवारी ती मुलगी आजीची चार गाणी वहीत लिहून घेऊन आली. एका ठिकाणी रूपकाला तिने उपमा म्हटलं होतं. ते दुरुस्त केलं. खाली ‘कवीचे नाव’ असं लिहून पुढं जागा रिकामी ठेवली होती. “हे गाणं आजीनं स्वतः जुळवलंय,” ती म्हणाली, “तिचं नाव लिहिलं तर चालेल?”

मी म्हटलं, “पूर्ण नाव लिही.”

जयभीम!