उच्च शिक्षणातील नवे अध्यापन आणि मूल्यमापन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयेही त्यात आली. गुणपत्रिकेत श्रेयांक, क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण असे शब्द दिसू लागल्यावर पालकांत आणि प्राध्यापकांतही काही समजुती रूढ झाल्या, ज्यांपैकी बऱ्याच पुराव्यावर टिकत नाहीत.

यांतली सर्वांत पक्की समजूत अशी, की वर्षाअखेरची तीन तासांची लेखी परीक्षा हीच आपली अस्सल पद्धत असून बाकीचे सारे बाहेरून आणलेले खूळ आहे. वस्तुस्थिती उलट आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. म्हणजे ते स्वतः शिकवत नसे, फक्त अभ्यासक्रम ठरवून परीक्षा घेई आणि पदव्या देई, तर शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे असे. १८६२ मध्ये पदवीधर झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे यांच्यासोबत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, ज्यांचे शालेय शिक्षण रत्नागिरीत झाले आणि जे पुढे येथील हायस्कुलाचे मुख्याध्यापकही झाले. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा ही फारकत त्या काळच्या प्रशासकीय सोयीतून आली; तिला परंपरेचे सोवळे नेसवण्याचे कारण नाही.

दुसरा गैरसमज यंत्रांविषयीचा आहे. वर्गात प्रोजेक्टर बसला, टिपणे मोबाईलवर आली, की अध्यापन 'नावीन्यपूर्ण' झाले असे महाविद्यालयांच्या अहवालांतून सर्रास लिहिले जाते. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी ऑनस्क्रीन मूल्यांकन, म्हणजे उत्तरपत्रिका स्कॅन करून त्या संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत, पुरेशा पूर्वतयारीशिवाय एकदम सर्व विद्याशाखांना लागू केली. निकाल कित्येक आठवडे रखडले, पुढील प्रवेशांची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची कोंडी झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. या प्रकरणात घाईची चर्चा पुष्कळ झाली, परंतु त्याहून मूलभूत गोष्ट नजरेआड राहिली : ती पद्धत सुरळीत चालली असती तरी प्रश्न तेच राहिले असते, पाठ केलेली उत्तरेही तीच राहिली असती, आणि आपले नेमके कुठे चुकले हे विद्यार्थ्याला तरीही कळले नसते. तपासनिसाच्या हातातील लाल पेनाऐवजी माऊस आला, एवढाच तो बदल होता.

वर्गाबाहेरचे काम म्हणजे भटकंती आणि त्याचे गुण म्हणजे खिरापत, ही तिसरी समजूत. तिचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात, देशातील इतर कृषी विद्यापीठांप्रमाणेच, पदवीच्या अखेरच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीने घालून दिलेल्या आराखड्यात कृषी-उद्योगांतील प्रशिक्षण धरून त्याला २० श्रेयांक आहेत. गावकरी ज्यांना 'कृषीदूत' आणि 'कृषीकन्या' म्हणून ओळखतात ते हे विद्यार्थी नेमून दिलेल्या गावात जातात, ग्रामस्थांना सोबत घेऊन जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, मातीचे नमुने घेतात आणि शेतकऱ्यांसमोर प्रात्यक्षिके करतात. भाताच्या चारसूत्री लागवडीचेच उदाहरण घेतले, तर रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळणे, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला गाडणे, दोरीवरील खुणा पाहून १५ व २५ सेंटिमीटरच्या आलटूनपालटून अंतरावर प्रत्येक चुडात दोन-तीनच रोपे लावणे आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणे, एवढे सारे विद्यार्थ्याला करून दाखवावे लागते. ब्रिकेट खोलच का, वर फोकली तर काय बिघडेल, असे कोणी शेतकऱ्याने विचारले, की नत्र हवेत आणि पाण्यात कसे वाया जाते हे त्याला साध्या मराठीत सांगता आले पाहिजे. दैनंदिनी, अहवाल आणि तोंडी परीक्षा यांवरून त्याचे मूल्यमापन होते. ज्याला आता अनुभवाधारित अध्ययन, म्हणजे प्रत्यक्ष काम करून आणि त्यावर विचार करून शिकणे, असे नाव मिळाले आहे ते हेच. आणि खिरापत म्हणावी असे त्यात काही नाही.

श्रेयांक म्हणजे गुणांचेच नवे नाव, हा गोंधळही येथेच दूर करणे बरे. श्रेयांक हे कामाच्या वेळेचे माप आहे : एका सत्रात १५ तासांचे वर्गाध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक वा क्षेत्रकार्य म्हणजे एक श्रेयांक, त्यामुळे चार श्रेयांकांच्या कार्यप्रशिक्षणात १२० तासांचे काम अपेक्षित असते. ते काम किती चांगले झाले हे श्रेणीवरून कळते, श्रेयांकावरून नव्हे.

उत्तम व्याख्यान ऐकले की विषय समजतो, असे विद्यार्थ्यांनाही वाटते. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे जे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना तासातच प्रश्न सोडवायला आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. हार्वर्ड विद्यापीठातील २०१९ चा एक प्रयोग याहून उद्बोधक आहे : भौतिकशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यांनी सक्रिय पद्धतीने धडा घेतला ते चाचणीत सरस ठरले, पण आपण कमी शिकलो असे त्यांचेच मत पडले, कारण डोके चालवताना होणारी दमछाक त्यांना अपयशासारखी वाटली. 'सर काही शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात' या तक्रारीकडे पाहताना हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

परीक्षा केवळ मोजते, शिकवत नाही, हेही पूर्ण खरे नाही. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांच्या २००६ मधील प्रयोगांत पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर ज्यांनी वाचन थांबवून स्मरणातून उतारा लिहून काढला होता तेच बरेच पुढे गेले. म्हणून सत्राच्या मध्यावर घेतलेल्या लहान चाचण्यांचे मोल मोठे आहे. त्यांना घडणात्मक मूल्यमापन म्हणतात, म्हणजे निकाल लावण्यासाठी नव्हे तर दुरुस्तीला वाव असतानाच उणीव दाखवण्यासाठी केलेले मूल्यमापन.

आता अंतर्गत गुणांविषयी. ते मर्जीने दिले जातात हा संशय निराधार नाही, आणि तो नाकारण्यात काही हशील नाही. मात्र बाहेरचा तपासनीस आपोआप निःपक्ष ठरतो ही समजूत फार पूर्वीच ढासळली आहे. स्टार्च आणि एलियट या अमेरिकन संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभरावर शिक्षकांकडे पाठवल्या, तेव्हा तिला कोणी शंभरपैकी ५० च्या आसपास गुण दिले, तर कोणी ९५ च्या पुढे. यावर उपाय आहे तो निकषतक्त्याचा, ज्यात कोणत्या गोष्टीला किती गुण हे आधीच लिहून जाहीर केलेले असते. मिरकरवाडा बंदरावरील मासळीच्या लिलावाचा प्रकल्प असेल, तर भावांच्या नोंदी किती दिवसांच्या आहेत, आवक आणि भाव यांचा संबंध दाखवला आहे का, निष्कर्ष नोंदींतूनच निघतो का, हे विद्यार्थ्याला कामाला लागण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

पुस्तक उघडे ठेवून द्यायची परीक्षा सोपी असते, हा भ्रम प्रश्नपत्रिका पाहताच ओसरतो. भौगोलिक मानांकनाची व्याख्या तेथे विचारली जात नाही. २०१८ मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळाल्यावरही परराज्यातला आंबा त्याच नावाने विकला जात असेल, तर बागायतदाराने कोणता पुरावा पुढे ठेवावा, असे विचारले जाते. याउलट, काही विद्यार्थी पाहून शिकतात व काही ऐकून, म्हणून त्यांना तसतसे वेगळे शिकवावे, हा प्रशिक्षण शिबिरांतला लाडका सिद्धांत मात्र पुरेशा पुराव्याअभावी बाजूला ठेवलेला बरा. २००८ मधील पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात त्याला आधार मिळाला नाही.

तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखाली 'माहिती' ठरते आणि ती पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. अंतर्गत चाचणीसाठी तर कायद्यापर्यंत जाण्याचीही गरज पडू नये. विद्यार्थ्यांनी ती उत्तरपत्रिका सत्र संपण्यापूर्वी शेऱ्यांसह मागून घ्यावी, आणि पालकांनी प्रवेश घेताना महाविद्यालयातील स्मार्ट वर्गखोल्या मोजण्याऐवजी तपासलेली उत्तरपत्रिका किती दिवसांत परत मिळते हे विचारावे.